पिठाने मोजलेली ऊब

साल दोन हजार पंचवीस, महिना जानेवारी आणि माझं वय अठ्ठ्याहत्तर. नातीला मुलगी झाली. दिवस भरायला पाच आठवडे होते, तेवढ्यातच ती आली. वजन एक किलो नऊशे. काचेतून तिला पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण भट्टीत यापेक्षा मोठे पाव घालत होतो." आमच्या म्हातारीने हॉस्पिटलच्या जिन्यातच मला चिमटा काढला. पण खरं सांगतो, मी इतका खूष होतो की तो चिमटासुद्धा मला गोड लागला.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. मी चौथी नापास. घरात आम्ही आमच्या बोलीत भांडतो, ती इथे लिहिली तर तुम्हाला निम्मी कळणार नाही, म्हणून शाळेची मराठी लिहितोय, जितकी येते तितकी. तेराव्या वर्षी बेकरीत लागलो आणि पन्नास वर्षं लाकडाच्या भट्टीसमोर उभा राहिलो. आमचा पाव ताडीने फुगायचा, पुडीतल्या यीस्टने नाही. आणि भट्टी तापली की नाही ते बघायला काटा नव्हता, माझा उजवा हात होता. भट्टीच्या तोंडात हात धरायचा आणि मोजायचं. दहाला काढावा लागला तर थांबा, पाव करपेल. विसाला काढावा लागला तर पाव आत जाऊ द्या. तीस झाले तरी हात आतच, तर अजून लाकूड टाका. कुणी नवी भट्टी बांधली की मला सायकलवर डबलसीट बसवून न्यायचे, हात घालायला. त्यामुळे धग आणि ऊब या विषयात मला कुणी शिकवावं हे मला खपत नाही. आजही खपत नाही.

तर सोमवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ छान दूध घेतंय. शुक्रवारी घरी सोडू. पण एक गोष्ट. खोली सव्वीस ते अठ्ठावीस डिग्री राहिली पाहिजे, विशेषतः पहाटे. बाळाला थंडी वाजली तर खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच जाईल. वजन वाढायचं नाही."

म्हातारी लगेच पुढे सरकली. "त्याची काळजी तुम्ही नका करू डॉक्टर. आमच्यात बाजेखाली शेगडी ठेवतात. निखारे, वर ओवा, लसणाची सालं. माझी पाच बाळंतपणं झाली तशी."

"कोळशाची शेगडी? बंद खोलीत?" डॉक्टरबाईंनी चष्माच काढला. "आजी, अजिबात नाही. निखाऱ्यातून जो वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वास नाही. झोपेतच माणूस जातो."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, की आता हा बोलेल. मी बोललो नाही, कारण डॉक्टरबाई खरं बोलत होत्या. एकदा आमच्या बेकरीत दारं-खिडक्या लावून भट्टी पेटवली होती आणि पीठ मळणारा गडी मळता मळता परातीवरच आडवा झाला होता. बाहेर ओट्यावर आणून वारा घातला तेव्हा शुद्धीवर आला.

तिथे नातीची सासूही होती. ठाण्याला राहते, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. मी तिला बाई म्हणतो, ती मला बाबा म्हणते. नातजावई आखातात नोकरीला, त्याला यायला अजून महिना होता. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्याकडे हीटर आहे. मुलाने तिकडून आणलाय, माझ्या गुडघ्यांसाठी. फ्लॅट अगदी बंदिस्त आहे. मी दोघींना ठाण्याला नेते. बाबा, राग मानू नका, पण तुमची वाडी, ती विहीर, ती केळी. पहाटे तुमच्याकडे दात वाजतात."

ते खोटं नव्हतं. आमच्या वाडीत जानेवारीत पहाटे केळीच्या पानावरून पाणी टपकतं, आणि मी स्वतः कानटोपी घालून चहा पितो. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हेही खोटं नव्हतं.

सगळे बाहेर गेल्यावर नातीने मला खुणेने बोलावलं. "आजोबा, मला घरी यायचंय. पण हिला थंडी लागता कामा नये. तुम्ही सांगा खोली गरम होते, मी येईन. नुसता मान राखायला सांगू नका हं. खरी गरम होत असेल तरच."

हे वाक्य तिने मला सांगितलं, तिच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, नाही, आजीला नाही. मी बाहेर आलो तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. गुडघ्यांना रात्री त्याची आठवण आली, ती गोष्ट वेगळी.

त्याच दुपारी मी तुळिंजच्या बाजारात. विजेच्या सामानाच्या एका दुकानात शिरलो आणि म्हटलं, "खोली गरम करायचं यंत्र दाखव."

काउंटरवरच्या माणसाने पंख्यांच्या खोक्यांमागून तीन यंत्रं ओढून काढली. वसईत ही यंत्रं कोण घेतं? धूळ झटकतच ठेवली. एकात दोन काचेच्या नळ्या. एकात पंखा, छोटं डबडं. आणि तिसरं म्हणजे चाकांवरचा पांढरा लोखंडी पंजर, पुस्तकं उभी लावावीत तशा अकरा पट्ट्या, आत तेल भरलेलं.

"चालू कर," मी म्हटलं.

"कौनसा, आजोबा?"

"तिन्ही."

त्याने लावले. नळ्यांचा लगेच लालभडक झाला, निखाऱ्यासारखा, बघूनच माझा जीव शांत झाला. मी बाही वर केली, समोर हातभर अंतरावर तळवा धरला आणि मोठ्याने मोजायला लागलो. एक, दोन, तीन. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. एक बाई मिक्सरचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. अकराला हात काढला.

"वा!" मी म्हटलं. "अकरा! ही भट्टी आहे."

पंख्याच्या डबड्यासमोर बावीस. मग तेलाच्या पंजरासमोर. पंचवीस, तीस, चाळीस. मागून कुणीतरी माझ्याबरोबर मोजायला लागलं. सत्तरला अख्खं दुकान मोजत होतं. शंभराला मी थांबलो आणि म्हटलं, "अरे, हा तर मेलेला आहे. आणि याची किंमत सगळ्यात जास्त?"

"आजोबा, त्याला तापायला अर्धा तास लागतो. तेल आहे आत. बघा, हात लावून नाही समजत. खोक्यावर वाचा. वॅट वाचा. हा लाल आठशे वॅट. हे दोन्ही दोन-दोन हजार. रूम गरम करायची तर दोन हजारच घ्या."

"मग डबड्याचे पण दोन हजार आणि पंजराचे पण दोन हजार, तर पंजर एवढा महाग का?"

"गर्मी सेम देतात. दोन हजार वॅट म्हणजे दोन हजार वॅट, खोकं कुठलं पण असू दे. पण डबडा आवाज करतो, हवा फेकतो. हा गप्प राहतो आणि बंद केला तरी गरम राहतो. कोणासाठी पाहिजे?"

"तान्ह्या बाळासाठी."

"मग डोळे झाकून हाच घ्या."

आता एवढं स्पष्ट त्याने सांगितलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने ऐकलं असतं. पण ज्या हाताने पन्नास वर्षं भाकर दिली तो हात म्हणत होता अकरा आणि शंभर, आणि हा पोरगेला माणूस मला खोकं वाचायला सांगत होता. मी म्हटलं, "विस्तव दिसला पाहिजे."

तो म्हणाला, "आजोबा, टॉर्च डोळ्यावर मारली तर डोळे दिपतात. म्हणून काय टॉर्चने घर उजळतं का? घराला ट्यूबलाइटच लागते."

"तू टॉर्च वीक," मी म्हटलं, "मला हा लाल दे."

तो हसला आणि बिलावर काहीतरी लिहून म्हणाला, "तीन दिवसांत बदलून देतो. लिहिलंय इथे." मला त्याचा फार राग आला.

घरी मागच्या बाजूला आमच्या दोन स्लॅबच्या खोल्या आहेत, एकाच मापाच्या, दहा बाय बारा. दोन मुलांसाठी बांधल्या, भांडण नको म्हणून खिडक्यासुद्धा मोजून सारख्या ठेवल्या. मोठ्या मुलाने एसी लावू म्हणून दोन्हीकडे जाड वायरचे मोठे प्लग काढून घेतले होते, एसी काही आले नाहीत. म्हटलं, आता यंत्राची परीक्षा घ्यायची. कशाने? डॉक्टरबाई डिग्री म्हणाल्या होत्या. डिग्री मी कधी पाहिलेली नाही. पण पीठ मी पाहिलेलं आहे. पीठ गार खोलीत झोपतं आणि उबेत उठतं, आणि किती उबेत किती वेळात उठतं हे मला झोपेतही सांगता येईल. पीठ कुणाचा मान राखत नाही.

कळंबला माझ्या ओळखीचा एक ताडी काढणारा आहे. संध्याकाळी त्याच्याकडून कॅनभर ताडी आणली, आंबवण घालून ठेवलं. मंगळवारी पहाटे साडेचारला उठून पीठ मळलं. चौदा वर्षांनी मळलं, आणि काय सांगू, बोटं आपोआप चालायला लागली. दोन सारखे काचेचे ग्लास घेतले, दोन्हीत सारखा गोळा दाबला, गोळा जिथवर आला तिथे बाहेरून दोरा बांधला. एक ग्लास लाल यंत्राच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथे पाळणा ठेवायचा होता तिथे. दुसरा शेजारच्या गार खोलीत. दोन्ही दारं बंद.

मी लाल यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलो. नडगी भाजायला लागली. म्हातारीला हाक मारली, "बघ! कशी धग आहे!"

ती आली, दोन मिनिटं उभी राहिली, म्हणाली, "पुढून भाजतंय आणि पाठीला शहारा येतोय. बाळाला काय उलटंपालटं करत बसायचं, चपातीसारखं?"

"थांब जरा. दोन तास जाऊ दे."

दोन तास गेले. गार खोलीतलं पीठ दोऱ्यावर जेमतेम बोटभर. लाल खोलीतलं पीठ दोऱ्यावर बोटभर आणि वर नखभर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नखभरच.

"अहो," म्हातारी म्हणाली, "तुमचा विस्तव दिसतोय झकास. पीठ मात्र घोरतंय."

मी त्या ग्लासावर हात ठेवून बसून राहिलो. आणि तिथे मला त्या दुकानदाराचं बोलणं समजलं. त्या नळ्या जे काही देतात ते सरळ समोर फेकतात, आणि मी दर वेळी नेमका समोर हात धरत होतो. भट्टीचं ठीक होतं. भट्टी चहूबाजूंनी तापलेली असते, तोंडातला हात आतली खबर आणतो. खोलीचं तसं नाही. खोलीत एकूण किती ऊब ओतली ते महत्त्वाचं, आणि तेच खोक्यावर लिहिलेलं होतं. आठशे. दोन हजारांच्या निम्मेसुद्धा नाहीत. माझा हात खोटा नव्हता, पण त्याला विचारलेला प्रश्न खोटा होता.

हे मी म्हातारीला सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, "जरा तुळिंजला जाऊन येतो."

"यंत्र का बरं घेऊन चाललात?"

"त्याला फिरवून आणतो."

ती दारात बसून हसली ती रिक्षा वळेपर्यंत हसतच होती.

दुकानदाराने एक शब्दही टोमणा मारला नाही. ते फार लागलं. पंजर रिक्षात चढवून दिला, वर म्हणाला, "मोठ्या प्लगमध्येच लावा, सोळा अँपियरच्या. छोट्याला एक्सटेन्शन लावून नको. आणि ओले कपडे वर वाळत घालू नका." मी म्हटलं, "बरं." आयुष्यात दुकानदाराला बरं म्हटलेलं ते पहिलंच.

तसाच हॉस्पिटलला गेलो, छाती काढून. नातीला म्हटलं, "तेलाचा आणलाय. दोन हजारांचा!"

बाई पाळण्याजवळ बसल्या होत्या. "दोन हजार?" त्या म्हणाल्या. "बाबा, आमच्या हीटरच्या खोक्यावर पाच हजार एकशे अठरा लिहिलंय."

"काय?"

"पाच हजार एकशे अठरा. बीटीयू. मोठ्या अक्षरात आहे."

आठशेच्या जागी दोन हजार आणून मी मिरवत होतो आणि यांच्या घरी पाच हजार! म्हणजे आमच्या अडीचपट. बीटीयू काय ते मला माहीत नव्हतं. बाईंना माहीत असणार असं मला वाटलं, आणि बाईंना वाटलं की मला तरी त्यातलं काय कळणार. नात माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "आकडा काय भिंतीवर पण लिहिता येतो. तुमचा हीटर घेऊन या. आमच्या दोन खोल्या सारख्या आहेत. परवा पहाटे लावून बघू. ज्याची खोली जास्त गरम, बाळ तिकडे."

"बाबा, हे काय शर्यत लावल्यासारखं."

"घाबरलात?"

पस्तीस वर्षं शाळेत काढलेली मुख्याध्यापिका! त्या ताठ झाल्या. "किती वाजता?"

नातीने कपाळावर हात मारला, पण हसत होती. "लावा. पण मी सांगते, जे निघेल ते दोघांनी मान्य करायचं. आणि आजोबा, तुम्ही सुद्धा."

बुधवारी संध्याकाळी बाई टॅक्सीतून हीटर घेऊन आल्या. पंख्याचा होता, चांगला मोठा, देखणा, वर बटणं चमकणारी. मी त्याच्याभोवती फेरी मारली. आमच्या पंजरापुढे तो नवरदेव दिसत होता. त्या रात्री मी लवकर झोपलो असं म्हातारीला वाटलं. मी पाच हजार एकशे अठराच मोजत होतो.

गुरुवारी पहाटे पावणेपाचला बाई स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर अशा मागच्या पडवीत हजर. मी पीठ मळलं, त्यांच्यासमोर तराजूवर दोन गोळे तोलले. त्यांनी तराजू रिकामा करून पुन्हा तपासला. ग्लास त्यांनी स्वतः निवडले. दोरे त्यांनी बांधले, माझा दोरा दोनदा सोडून पुन्हा. दोन्ही यंत्रं एकदम चालू, पूर्ण जोरावर, दारं बंद. दर अर्ध्या तासाने म्हातारी आत जाणार, चटकन बघणार आणि सांगणार. आम्हा दोघांना आत जायला बंदी.

पहिल्या अर्ध्या तासाने म्हातारी बाहेर आली. "बाईंचं हललंय. आपलं नाही."

"किती हललंय?"

"हललंय."

तासाने पुन्हा. "बाईंचं दोन बोटं वर. आपलं अर्धं बोट."

बाईंनी मफलर सोडला. म्हणाल्या, "बाबा, चहा घ्या ना. गार होतोय." शिकवणाऱ्या माणसाला जिंकताना फार गोड बोलता येतं. मी चहा घेतला नाही. वाडीत जाऊन केळीला लाथ मारून आलो. नातीला काय सांगायचं हे जुळवत होतो. खरी गरम होत असेल तरच, असं ती म्हणाली होती. म्हटलं, जायचं आणि सांगायचं, पोरी, ठाण्याला जा. स्वेटर विणून पाठवतो. विणता मला येत नाही, पण तेही शिकलो असतो.

दीड तासाने म्हातारी बाहेर आली. दाराला टेकून उभी राहिली.

"काय गं?"

"सारखंच वाटतंय हो."

"दोरा बघितलास?"

"दोन्ही तीन बोटं. आपल्या खोलीत शिरले तर काय बाई, अंगावर गोधडी टाकल्यासारखं झालं. आवाज नाही, वारा नाही."

तेल तापलं होतं! उशिरा तापतं, पण तापलं होतं. दोन तासांनी तिने आतूनच ओरडून सांगितलं, "काठाला आलं! आपलं काठाला आलं!"

"आणि माझं?" बाई ओरडल्या.

"तुमचं काठाखाली. दोन बोटं कमी."

मग बंदी कुणी पाळली? आम्ही दोघं एकदम आत घुसलो, दारात खांदे अडकले. पीठ ग्लासाच्या काठावर टोपी घालून बसलं होतं. मी त्या ग्लासाला सलाम केला. खरंच केला. म्हातारी म्हणते मी नाचलो. मी नाचलो नाही, पाय जागेवर बसत नव्हते एवढंच.

बाईंनी शालीतून लांबडी काचेची नळी काढली. शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना तापमापक! तो त्यांनी आधीपासून लपवून आणला होता, माझ्या पिठावर विश्वास नव्हता म्हणून. माझ्या खोलीत धरला, थांबल्या, वाचला. "सत्तावीस." त्यांच्या खोलीत धरला. "चोवीस." मग त्या खाली वाकल्या, आपला हीटर उताणा केला आणि बुडाची बारीक पाटी चष्मा वर-खाली करत वाचली. आणि तशाच फरशीवर बसल्या.

"काय झालं?"

"बाबा, इथे लिहिलंय दीड हजार वॅट."

"मग पाच हजार?"

"तेच हे. एकच ऊब, दोन मापांत सांगितलेली." त्यांनी वहीच्या पानावर भागाकार केला. "एक वॅट म्हणजे साधारण तीन पूर्णांक चार बीटीयू. म्हणजे तुमचा दोन हजारांचा त्या मापाने होतो सहा हजार आठशेच्या घरात. अहो, मी फूट आणि मीटरची तुलना करत बसले! पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी एकक लिहा, एकक नसेल तर मार्क नाही. आणि मी स्वतः..."

आणि त्या हसायला लागल्या. फरशीवर बसून, मफलर गळ्यात, हीटर मांडीवर उताणा. म्हातारी हसायला लागली. मीही म्हटलं, "मला तर दोन दिवस त्या पाच हजारांनी ताप आला होता," आणि तेव्हाच त्या लाल यंत्राची, दुकानातल्या अकरा मोजण्याची गोष्टही सांगून टाकली. कबूल करून टाकली. हसण्याच्या भरात माणूस काहीही कबूल करतो.

पीठ वाया घालवायचं नाही. उरलेल्या पिठाचे गोळे केले, मागच्या अंगणात विटा लावून जुन्या पत्र्याच्या डब्याची भट्टी केली. सगळ्यांना तहान लागलेली. बाईंनी कॅनकडे बघून विचारलं, "ही नीरा का?"

"सोमवारी पहाटे नीरा होती," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या थोडीच घेते. थोडी तीनदा घेतली. नऊच्या सुमाराला आमच्या अंगणात मुख्याध्यापिका गरम पाव फुंकत, सतराचा पाढा म्हणून दाखवत होत्या, आणि म्हातारी प्रत्येक ओळीला टाळी देत होती. शेजारची पोरं कुंपणावर. त्यांनाही पाव. पाव जरा खाली करपला होता, कारण मला हात घालून मोजायला हसण्यातून सवड मिळाली नाही.

पाव संपल्यावर बाईंनी हातावरचा चुरा झटकला. म्हणाल्या, "बाबा, ठरलं होतं तसं. बाळ इथेच येईल." आणि मग, दुसरीकडे बघत, "पण मला पण राहू द्याल का महिनाभर? तिकडे तो फ्लॅट, मी एकटी, मुलगा तिकडे. मी नेते नेते म्हणत होते ते..."

हीटर असूनही त्यांचं घर गारच होतं. म्हातारी म्हणाली, "राहू द्याल का काय विचारता? शेजारची खोली कुणाची वाट बघतेय? तुमचा दीड हजारांचा लावा तिथे, गुडघे शेका. आणि बाळाला तेल लावायला मला दुसरे हात हवेतच."

दुपारी हॉस्पिटलला गेलो. नातीने विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "सत्तावीस. काचेच्या नळीने मोजलंय, तुझ्या सासूने. माझ्या हाताने नाही." तिने डोळे मिटले आणि बाळाला जरा जवळ घेतलं. डॉक्टरबाई म्हणाल्या तापमापक खोलीतच टांगून ठेवा, अठ्ठावीसच्या वर गेलं तर बटण कमी करा, बाळाला जास्त उकाडाही नको. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी मी चारला उठलो, पंजर चालू केला, दाढी केली, सुनेला आणि बाईंना रिक्षात घालून हॉस्पिटलला पाठवलं आणि स्वतः त्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. नऊला बाळ आलं. नात आत गेली, बाळ आत गेलं, मी दार ओढून घेतलं. मग वाडीतली माणसं यायला लागली, बाळ बघायला. मी कुणालाही आत सोडलं नाही. दार उघडलं की ऊब जाते. चर्चमधून फादर आले, त्यांनाही म्हटलं, "फादर, आधी हात धुवा, आणि आशीर्वाद इथूनच द्या, दारातून." त्यांनी विहिरीवर जाऊन हात धुतले, दारासमोर उभे राहिले आणि दाराला आशीर्वाद दिला.